फिमाय

थायलंडच्या ईसान (ईशान्य) प्रदेशातील नाखोन रात्चासीमा प्रांताचा एक आंफो, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्यासारखा प्रशासकीय विभाग. प्रांताचे मुख्य शहर कोरात. त्याच्या ईशान्येस सुमारे ६० किमी. वर मून नदीच्या काठी फिमाय हे ठाण्याचे गाव आहे. बाकी मुलूख सपाट, भातशेतीचा. मात्र गावाच्या मधोमध ख्मेर साम्राज्यातील एक मोठे दगडी देवालय उभे असल्याने या आडबाजूच्या तालुक्याचे नाव इतिहासात ठळक झाले आहे.

ते नाव मुळात ‘विमाय’. देवालयाच्या गोपुराच्या दारचौकटीवर ख्मेर भाषेतील शिलालेख आहे. त्यावरील शक १०३० (इ.स. ११०८) हे वर्ष मराठी वाचकाला रूपांतराशिवाय कळावे, कारण हा आपलाच शालिवाहन शक. त्यात वीरेंद्राधिपतिवर्मन या अधिकाऱ्याने विमायदेवाचा सेनापती म्हणून त्रैलोक्यविजयाची मूर्ती स्थापल्याची नोंद आहे. त्रैलोक्यविजय ही वज्रयान बौद्ध देवता. गाभाऱ्याभोवती बौद्ध शिल्पे आणि बाहेरच्या दारपट्ट्यांवर रामायणातील प्रसंग, असा येथील प्रकार आहे. पुढे ख्मेर सम्राट सातव्या जयवर्मनच्या काळातील प्रेआ खान मंदिरातील संस्कृत लेखात ख्मेर राजधानी अंकोरहून विमायकडे जाणाऱ्या वाटेवर १७ अग्निगृहे, म्हणजे प्रवाशांची विश्रामस्थाने, असल्याचा उल्लेख येतो.

‘विमाय’चे ‘फिमाय’ होणे थाई उच्चारणाच्या नेहमीच्या वळणातले आहे. विष्णुलोकाचे फित्सनुलोक झाले, विजयचे फिचाय झाले, तसेच हे. संस्कृत जाणणाऱ्याला ‘विमाय’चा ‘मायेपासून मुक्त’ असा विग्रह लगेच सुचतो. पण देवाच्या विशेषनामावर तो लादताना सावधच राहिलेले बरे.

लोकांना पटते ती व्युत्पत्ती वेगळी. पाचित–ओरफिम या लोककथेत फ्रोम्माथत (ब्रह्मदत्त) राजा ओरफिमला पळवून नेतो. तिचा वाग्दत्त राजपुत्र पाचित शोध घेत राजवाड्यात पोचतो, तेव्हा ती ‘फी मा’ असे उद्गारते. ‘फी’ म्हणजे थोरले भावंड; थाईत प्रियकरालाही असेच संबोधतात. ‘मा’ म्हणजे आला. यावरून गावाचे नाव पडले, असे सांगतात. शिलालेखापुढे ही कथा टिकत नाही, पण तिने परिसराचा नकाशा मात्र आपलासा केला आहे. गावातील विटांच्या एका पडक्या स्तूपाला ‘मेरू फ्रोम्माथत’, म्हणजे ब्रह्मदत्ताची दहनभूमी, म्हणतात. शेजारच्या बुरीराम प्रांतातील लाम प्लाय मात या ठिकाणाचे नावही पाचितने नदीत टाकलेल्या सोन्याशी जोडले जाते.

देवालयाची उभारणी सामान्यतः सहाव्या जयवर्मनच्या कारकिर्दीतील (अकरावे शतक अखेर) मानतात. मुख्य शिखर सुमारे २८ मी. उंच आहे. देवालयाचे तोंड पूर्वेऐवजी साधारण दक्षिणेला आहे. अंकोरकडे पाहण्यासाठी, असे मार्गदर्शक खात्रीने सांगतात. थायलंडच्या ललितकला विभागाने फ्रेंच तज्ज्ञ बेर्नार ग्रोलिए यांच्या साहाय्याने १९६४ ते १९६९ या काळात जीर्णोद्धार केला. १९८९ मध्ये ऐतिहासिक उद्यान खुले झाले.

१७६७ मध्ये सयामची राजधानी अयुथ्थया पडल्यावर राजपुत्र थेपफिफित याने येथे स्वतंत्र सत्ता उभारली. पुढच्याच वर्षी सयामचा नवा राजा ताकसिन याने ती मोडली. तालुक्यातील सामरित माळ १८२७ च्या लढाईसाठी ओळखला जातो. व्हिएनतिआनचा लाओ राजा अनुवाँग याच्या सैन्याने कोरातहून कैद करून नेलेल्या लोकांनी तेथे उठाव केला. त्याचे श्रेय कोरातच्या उपशासकाची पत्नी थाव सुरनारी हिला देतात.

गावाजवळ मून नदीकाठी साय न्गाम हा पारंब्यांचा प्रचंड वड आहे. परतलेल्या तांदळाच्या शेवया, ‘मी फिमाय’, ही येथील खासियत.