गिगाहर्ट्झ आणि ओलं लाकूड

मागच्या व्याख्यानानंतर एका विद्यार्थिनीने मला फोनवर दोन सेकंडहँड लॅपटॉप दाखवले. ‘सर, यातला कुठला घेऊ?’ एकावर लिहिलेलं आय-७, २.७ गिगाहर्ट्झ; दुसऱ्यावर आय-५, १.६ गिगाहर्ट्झ. ती पहिल्यासाठी जास्तीचे पैसे मोजायला निघाली होती. हिशेब सरळ वाटतो ना? या सरळ हिशेबाचाच इतिहास आज बघू.

गिगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे सेकंदाला पडणारे ठोके, अब्जांत मोजलेले. मार्च २००० मध्ये एएमडी आणि इंटेल यांनी दोन दिवसांच्या अंतराने १ गिगाहर्ट्झचा टप्पा गाठला. नोव्हेंबरमध्ये इंटेलने पेंटियम ४ आणला, १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झचा. आणि गंमत बघा, काही कामांत १ गिगाहर्ट्झचा जुना पेंटियम ३ त्याच्या पुढे जात होता! प्रोसेसरमध्ये प्रत्येक सूचनेवर टप्प्याटप्प्याने काम होतं. पेंटियम ३ मध्ये असे १० टप्पे होते, पेंटियम ४ मध्ये २०. टप्पा लहान केला की ठोके भराभर देता येतात, पण एका ठोक्यात होणारं काम कमी होतं. शिवाय पुढच्या सूचनेचा अंदाज चुकला की तितकं जास्त काम वाया. दुकानातल्या पाटीवर मात्र ठोकेच लिहिलेले!

एएमडीने २००१ मध्ये आपल्या १.५३ गिगाहर्ट्झच्या ॲथलॉन एक्सपीला ‘१८००+’ असं नाव दिलं. मापाला उत्तर म्हणून दुसरं माप. मला हे फारसं रुचत नाही, पण त्यांची अडचण कळते. इंटेललाही २००३ मध्ये लॅपटॉपसाठी कमी ठोक्यांचा पेंटियम एम काढावा लागला, आणि ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेत २००४ मध्ये सोडावा लागला.

आपल्या नैयायिकांना यात नवल वाटलं नसतं. धुरावरून अग्नीचं अनुमान बरोबर. पण अग्नी आहे म्हणून धूर असणारच, हे चूक. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर कुठे असतो? धुराला ओलं लाकूड लागतं. अशा दडलेल्या अटीला ते ‘उपाधी’ म्हणतात. ‘ठोके जास्त, म्हणून वेग जास्त’ यातली उपाधी ही, की दोन्ही प्रोसेसरांची रचना एकच असली पाहिजे.

आता त्या मुलीचे लॅपटॉप. आय-७ होता ७५००यू, २०१६ चा, दोन कोअरचा. आय-५ होता ८२५०यू, २०१७ चा, चार कोअरचा. पाटीवरचे २.७ आणि १.६ हे मूळ वेग. गरज पडली की दोन्ही अनुक्रमे ३.५ आणि ३.४ पर्यंत चढतात. म्हणजे एका कोअरवर फरक नाममात्र, सगळे कोअर लागणाऱ्या कामात आय-५ सरस. तिला विचारलं, करतेस काय? व्हिडिओ एडिटिंग म्हणाली. मग म्हटलं, आय-५च घे, आणि उरलेल्या पैशात रॅम वाढवता येईल का, ते दुकानदाराला आधी विचार.