प्रक्षेप्य गती आणि लांब पल्ल्याचा नेम

वेग देऊन सोडलेली वस्तू गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने कोणत्या वाटेने जाईल आणि कुठे पडेल, हे काढण्याचे गणित. हवा नाही, जमीन सपाट, असे धरले की मार्ग अन्वस्त येतो. वेगाच्या वर्गाला दुप्पट प्रक्षेपकोनाच्या ज्येने गुणून गुरुत्वत्वरणाने भागले की पल्ला निघतो. तो 45 अंशांना सर्वाधिक असतो. मार्गाचा हा आकार गॅलिलिओने 1638 मध्ये छापील ग्रंथात सिद्ध केला. अकरावीच्या परीक्षेला एवढे पुरते, तोफखान्याला पुरत नाही.

दौलताबादची मेंढा तोफ खुंट्यावर फिरते, त्यामुळे आडवा नेम धरणे सोपे होते. पल्ला मात्र दारू आणि हवेच्या हातात. म्हणूनच गोलंदाज सूत्राऐवजी मारा-तक्त्यांवर विसंबतात. त्यात वारा, हवेचे तापमान, दारूचे तापमान आणि नळीची झीज यांच्या दुरुस्त्या असतात. पुण्यात पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापनेत घडलेल्या पिनाका रॉकेटाच्या पहिल्या आवृत्तीचा पल्ला सुमारे 40 किमी. निर्वात धरल्यास तेवढ्यासाठी सेकंदाला 626 मीटर वेग पुरेल. हवेत तो पुरत नाही. शिवाय इंजिन जळत असताना पंखांचे रॉकेट वारा येतो त्या दिशेलाच तोंड वळवते. पुढच्या आवृत्तीत वाटेत दिशा सुधारणारी यंत्रणा बसवली, ती यामुळेही.

पल्ला हजारो किमी झाला की सपाट जमिनीचे गृहीतक कोसळते. 5,000 किमीसाठी सपाट सूत्र 45 अंश आणि सेकंदाला 7 किमी सांगते. पृथ्वी गोल धरून, हवा वगळून हिशेब केला तर सर्वांत कमी वेग सेकंदाला सुमारे 5.9 किमी आणि कोन 34 अंशांच्या आसपास येतो. मार्ग अन्वस्त न राहता लंबवर्तुळाचा तुकडा होतो. त्याचा माथा सुमारे 975 किमी उंच असतो आणि प्रवासाला वीस मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो.

तेवढ्या वेळात पृथ्वीही थांबलेली नसते. उदाहरणार्थ, वाळूज औद्योगिक वसाहतीला लागून असलेले बजाजनगर 19.8 अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. तिथली जमीन सेकंदाला सुमारे 437 मीटर पूर्वेकडे सरकते, म्हणजे वीस मिनिटांत सव्वापाचशे किमी. सोडणाऱ्या यंत्राचा हाच वेग क्षेपणास्त्रालाही मिळतो, पण लक्ष्याचा अक्षांश वेगळा असेल तर दोन्ही वेग जुळत नाहीत. त्यामुळे नेम लक्ष्याच्या आत्ताच्या जागेवर धरून चालत नाही. क्षेपणास्त्र पोहोचेल तेव्हा लक्ष्य कुठे असेल, तिथे धरावा लागतो.