टोकावरचे घर

मुंबईचे गव्हर्नर एके काळी परळला राहत, हे आता परळकरांनाही सांगावे लागते. आजची हाफकिन संस्था ज्या वास्तूत आहे, तेच ते जुने 'गव्हर्नमेंट हाउस'. सर जेम्स फर्ग्युसन यांच्या कारकिर्दीत त्यांच्या पत्नीचा पटकीने अंत झाला. पुढे १८८५ मध्ये गव्हर्नरांचा कायमचा मुक्काम मलबार पॉइंटवर हलला. टाकून दिलेल्या त्या घरात १८९९ साली प्लेगची प्रयोगशाळा आली. साहेबांनी सोडलेले घर रयतेच्या कामी आले, ही दैवगतीच!

मलबार पॉइंटला तीन बाजूंनी समुद्र आहे. शहरापासून हवे तेवढे अंतर सत्तेला तेथे आयतेच मिळाले. १ मे १९६० रोजी संयुक्त महाराष्ट्राचा जन्मसोहळाही रस्त्यावर लढलेल्यांच्या वस्तीत न होता मध्यरात्री याच राजभवनात झाला. (२०२५ च्या अखेरीस राजभवनाचे 'लोकभवन' झाले.)

या घरात राहणारा माणूस कोणाचा? संविधानाच्या मसुद्यात राज्यपाल निवडून यायचा होता. पण लोकांनी निवडलेला राज्यपाल आणि लोकांनीच निवडलेल्या विधानसभेचा मुख्यमंत्री एकमेकांना छेदतील, या भीतीने मे १९४९ मध्ये संविधान सभेने नेमणुकीचा मार्ग पत्करला. हेतू सरळ होता. परंतु राष्ट्रपतींची, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकारची, मर्जी असेतोवर टिकणारे पद त्या मर्जीकडे पाहणारच. कलह काही टळला नाही. त्यातले लोकांचे मत तेवढे वगळले गेले.

मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायचे असताना राज्यपाल प्रभाव गाजवतो तो घड्याळाच्या जोरावर, असे आम्हांस वाटते. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी राष्ट्रपती राजवट पहाटे पावणेसहाच्या सुमारास उठली आणि सकाळी राजभवनात शपथविधी उरकलाही. ते सरकार चार दिवसही टिकले नाही.

घाईपेक्षा दिरंगाई अधिक बोलकी असते. नोव्हेंबर २०२० मध्ये ठाकरे मंत्रिमंडळाने विधान परिषदेसाठी बारा नावे राज्यपालांकडे पाठवली. साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतील जाणकारांसाठी संविधानाने ठेवलेल्या या जागा. (यादीत राजकारणीही होते, आणि हा शिरस्ता सर्वच पक्षांचा.) महिने उलटले. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वाजवी मुदतीत निर्णय घेणे हे राज्यपालांचे कर्तव्य असल्याचे सांगितले. मात्र कलम ३६१ मुळे राज्यपाल न्यायालयाला उत्तरदायी नसल्याने थेट आदेश देता आला नाही. ना होकार, ना नकार. जून २०२२ मध्ये सरकार गेले आणि सप्टेंबरात नव्या सरकारने ती यादी परत घेतली. तोवर तिच्यावर एका अक्षराचाही शेरा पडला नव्हता.