लक्ष्मीबाईंचें सोवळें

कवि नारायण वामन टिळक यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. ती वार्ता त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांजवर वज्राघातासारखी कोसळली. पुढें कांहीं वर्षांनीं त्या पतीकडे परत आल्या खऱ्या, पण सोवळें सुटलें नाहीं. पाणी निराळें, चूल निराळी. टिळक स्वभावानें मोठे शीघ्रकोपी. तरी या एका बाबतींत त्यांनीं बळजबरी केली नाहीं, हें विशेष होय.

राहुरीस असतां लक्ष्मीबाईंच्या मनानें ठाव घेतला कीं, मनुष्यामनुष्यांतील हा भेद देवानें घातलेला नव्हे. त्या दिवसापासून कोणाच्याहि हातचें अन्नपाणी घ्यावयाचें, असा त्यांनीं निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. हा क्रम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. आधीं घरांतला पाण्याचा तांब्या बदलला, मग धर्म.

जुन्यांतील भक्तिभाव मात्र या घरानें टाकला नाहीं. तुकोबांच्या अभंगांवरूनच आपण ख्रिस्तापाशीं पोंचलों, असें टिळक म्हणत. ख्रिस्ताचें चरित्र त्यांनीं ओवींत आरंभिलें आणि कीर्तनाची परंपरा ख्रिस्ती मंडळींत रुजविली. १९१९ सालीं टिळक वारले, तेव्हां ‘ख्रिस्तायन’ अपुरें होतें. लग्नानंतर पतीकडून अक्षरें शिकलेल्या लक्ष्मीबाईंनीं तें काम हातीं घेतलें, आणि १९३६ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यांची लेखणी थांबली नाहीं.