दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को : हवाई अंतर व उड्डाणकाळ

दिल्लीचा इंदिरा गांधी विमानतळ आणि कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को विमानतळ यांच्यातील किमान अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर आहे. दोन्ही ठिकाणांमधून जाणाऱ्या बृहद्वृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीगोलावरच्या सर्वांत मोठ्या वर्तुळाच्या, लहान कंसाची ही लांबी. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका पश्चिमेला दिसते; पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला, तर तो दिल्लीहून जवळजवळ सरळ उत्तरेला, किंचित पूर्वेकडे झुकून निघतो, सायबेरियावरून आर्क्टिक वृत्तात शिरतो आणि उत्तर अमेरिकेच्या पश्चिम टोकावरून खाली उतरतो. मोठे प्रवासी विमान ताशी साधारण ९०० किलोमीटर जाते, म्हणून भागाकाराने उत्तर १४ तासांच्या आसपास येते. अंतरकोष्टके हाच आकडा देतात. मात्र त्यात एक मूलभूत चूक आहे. विमानाचा वेग हवेच्या तुलनेत मोजलेला असतो, अंतर जमिनीवरचे असते, आणि मधली हवा कधीच स्थिर नसते.

या मार्गाइतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो. एअर इंडियाने डिसेंबर २०१५मध्ये ही थेट सेवा सुरू केली, तेव्हा विमाने अटलांटिकवरून जात. तो मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरांचा आणि वेळ १६ ते १७ तास. ऑक्टोबर २०१६मध्ये तेच विमान पॅसिफिकवरून नेले गेले. त्याने सुमारे १५,३०० किलोमीटर साडेचौदा तासांत कापले. वाट १,४०० किलोमीटरांनी लांबली आणि वेळ दोनएक तासांनी घटला! कारण वाऱ्यात आहे. मध्य अक्षांशांवर, विमाने उडतात त्याच उंचीला, जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. हिवाळ्यात ते विशेष प्रबळ असतात. पूर्वेकडे निघालेल्या विमानाला ते पाठीमागून ढकलतात, पश्चिमेकडे निघालेल्याला समोरून अडवतात. वरच्या आकड्यांवरून जमिनीसापेक्ष सरासरी वेग काढला, तर पॅसिफिकवर तो ताशी १,०५० किलोमीटरांवर जातो, अटलांटिकवर ८५०च्या आसपास राहतो. जाताना पॅसिफिक आणि येताना अटलांटिक धरला, तर दोन्ही वेळा वारा पाठीशी राहतो आणि पृथ्वीची प्रदक्षिणाही पूर्ण होते.

पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेकडचा प्रवास झटपट व्हायला हवा, अशी शंका नेहमी घेतली जाते. पण वातावरण पृथ्वीबरोबरच फिरते, त्यामुळे तो लाभ मिळत नाही. लांबच्या वाटेने इंधन जास्त लागेल, हा आक्षेपही टिकत नाही. विमाने उडतात त्या उंचीवर इंधन मुख्यतः तासांच्या हिशेबाने जळते, आणि तास तर कमी झाले. वारा ऋतूनुसार बदलतो, अंतर तेवढे कायम, म्हणून कोष्टकात अंतरच द्यावे, हे म्हणणे मात्र वजनदार आहे. तरीही तो कायमचा आकडा प्रत्यक्षात उडता येत नाही. केबिनमधला हवेचा दाब गेला, तर विमानाला तातडीने १०,००० फुटांपर्यंत उतरावे लागते. तिबेटच्या पठाराची जमीनच त्याहून उंच आहे, म्हणून विमाने त्याला वळसा घालतात. आकाशाच्या सीमाही बदलतात. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणारी उड्डाणे लांबली; दोन विमानतळांमधले बृहद्वृत्तीय अंतर एका मीटरनेही बदलले नव्हते.