नाटकाला जायचे कपडे

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत संशयकल्लोळ’ गंधर्व नाटक मंडळीने १९१६ साली रंगभूमीवर आणले. एका तसबिरीवरून माजलेला घोटाळा, संशयी फाल्गुनराव, त्याच्यावर तितकाच संशय घेणारी कृत्तिका आणि अधूनमधून बहारदार पदे. कथा मूळची फ्रान्सच्या मोलिएरची, इंग्रजीतून फिरत मराठीत आलेली. थाट मात्र अस्सल इथला. रेवतीच्या भूमिकेत होते बालगंधर्व. त्यांचे शालू, नथ, अंबाड्यावरचा गजरा, पदर घेण्याची ढब घरोघरच्या बायकांनी उचलली. पुरुषांनी गंधर्व टोपी चढवली. गंमत पाहा, रेवती ही नाटकातली नायकीण, तिचे सोंग घेणारा पुरुष, आणि अशा भूमिका पाहून नटायला शिकल्या त्या खानदानी घरांतल्या स्त्रिया! खरी नायकीण दारात आली असती तर तिला कोणी पाट मांडला नसता.

बालगंधर्वांचा अत्तराचा षोकही प्रसिद्ध. त्यांच्या मंडळीत पुढे तबल्याला अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीला कादरबक्ष बसत. थिरकवाँसाहेबांचा हात ऐकायला जाणारा रसिक कानात फाया घालूनच निघत असणार, असे मला आपले वाटते.

हा झाला शालूचा मामला. लोकनाट्यात सगळे उलटे. तिथेही गवळणीतली मावशी पुरुषच. पण तो डोक्यावरून नुसते उपरणे घेतो आणि बाई होतो. १९६५ साली वसंत सबनिसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ आले. दादा कोंडके हवालदार झाले आणि राजा-प्रधानांची यथेच्छ टिंगल सुरू झाली. शाहीर साबळ्यांची मुक्तनाट्येही याच वाटेवरची. रंगमंचावर साधेपणा आणि समोर बसलेला कामगार मात्र कडक इस्त्रीत! दिवसभर ‘ए, इकडे ये’ ऐकणारा माणूस संध्याकाळी ‘मायबाप रसिक’ होत होता. त्या पदवीला मळका सदरा कसा चालेल? १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. तो लांबत गेला, कितीतरी कुटुंबे गाव गाठून बसली आणि हा इस्त्रीतला प्रेक्षक विरळ झाला.

आमच्या साकीनाक्याला गिरणी नव्हती. छोटे कारखाने, वर्कशॉप, भंगाराची गोदामे. तेलाचे डाग इथल्या प्रत्येक शर्टाला ठाऊक. नाटकाचा शर्ट म्हणूनच वेगळा, ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांसोबत ठेवलेला. पितळी तांब्यात निखारे घालून त्याच्यावर फिरवायचे. पँट आदल्या रात्री गादीखाली. पूर्वी शिवाजी मंदिरात जायचे म्हणजे अंधेरी-कुर्ला रस्त्याने बसमध्ये उभे राहायचे, कुर्ल्याला गाडी पकडायची आणि दादरला उतरायचे. पावसाळ्यात चिखल उडायचा तो नेमका पांढऱ्या पँटीवर. शहाणी माणसे पायजमा दुमडून निघत, चांगल्या चपला पिशवीत. आमच्या वस्तीतल्या काही बायका साडीवर बुरखा घालून निघत आणि नाट्यगृहात पोहोचल्यावर तो घडी करून पिशवीत ठेवत. खाली साडी तशीच चापूनचोपून, शेजारच्या खुर्चीतल्या वहिनींसारखीच. विनोदावर दोघी एकदमच हसत. आपापल्या घरी ‘इतकं नटून कुठे?’ हा प्रश्न मात्र दोघींनाही चुकलेला नसे. नवऱ्याच्या इस्त्रीची चौकशी कोणी करत नसे. बाईच्या एका पावडरीच्या डबीची व्हायची, आणि तरी त्या निघायच्या.

८ जून २०१४ ला वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि साकीनाक्याला स्टेशन मिळाले. आता घाटकोपरला गाडी बदलून दादर गाठेपर्यंत निऱ्या बऱ्यापैकी जागेवर राहतात. वर्कशॉपमधली पोरे जीन्समध्येच नाटकाला जातात; जावोत बापडी, जीन्सलाही इस्त्री केलेली असते. बायका मात्र गजरा अजून दादरला उतरल्यावरच घेतात. घाटकोपरच्या जिन्यावरची गर्दी त्यांना ठाऊक आहे.