घरसामान, परदेशी पाठवणीचे (सीमाशुल्क कागदपत्रे)
पांढुर्णा आणि सौंसर हे मध्य प्रदेशातील मराठीभाषक तालुके. २०२३ मध्ये त्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. तेथून परदेशी स्थायिक होणाऱ्या कुटुंबाने वापरलेले घरसामान नागपूरकडे नेताना ई-वे बिल लागत नाही. खरे काम सीमाशुल्काचे. १९६२ च्या कायद्यातील कलम ७७ नुसार मालकाला सामानाचे घोषणापत्र द्यावे लागते. सोबत पासपोर्ट, व्हिसा, खोकेनिहाय यादी. ‘किरकोळ भांडी’ असे मोघम लिहू नये; वस्तू, नग, किंमत नोंदवावी.

सर्वाधिक जपावे ते देवघर. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार किमान १०० वर्षे जुन्या मूर्ती आणि ७५ वर्षे जुनी मोलाची हस्तलिखिते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. शंका असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला बांधाबांधीपूर्वीच घ्यावा.